‘मी बसते इथे, तुम्ही जाऊन या’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी शिकागोच्या उपनगरात राहते. घरी नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. जुलैच्या शेवटी माझे आई-बाबा रत्नागिरी जिल्ह्यातून दोन महिन्यांसाठी येताहेत. आई अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात. बाबा बहात्तर, निवृत्त शिक्षक, अजून काटक. मागच्या खेपेला आम्ही त्यांना पुष्कळ फिरवलं. ते परत गेल्यावर फोटो लावायला घेतले तेव्हा लक्षात आलं की निम्म्या फोटोंत आई नाहीच. प्रत्येक ठिकाणी ती म्हणाली होती, ‘मी बसते इथे, तुम्ही जाऊन या.’ या वेळी लांबचा प्रवास नको म्हणून मिशिगन तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्यांचं इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्क ठरवलं. तीन टेकड्यांचं चॅलेंज, वेस्ट बीच, माउंट बॉल्डी असं सगळं एका शनिवारात बसवलं. नवरा म्हणतो, आईंना एवढ्या पायऱ्या झेपणार आहेत का? भाऊ गावाहून फोनवर हसतो, ‘कोकणातल्या माणसांना वाळू दाखवायला नेतेस?’ आईला विचारलं तर म्हणाली, ‘तुम्हाला सोयीचं असेल तसं.’ नेऊ की नको? नेलं तर या वेळी तरी ती मागे राहू नये म्हणून काय करू?

प्रिय मैत्रिणी,

पत्रासोबतचा तक्ता वाचला. सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत एकही चौकट रिकामी नाही. दुपारच्या चौकटीत ‘जेवण – २५ मिनिटं’ असं लिहिलंय तिथे मी थांबले. पंचवीस मिनिटांत आपल्याकडची माणसं डबे उघडून ‘तू घे, तू घे’ एवढंच करतात.

आधी भावाची थट्टा, कारण ती तुम्हाला लागलेली दिसते. तो निम्मा बरोबर आहे. पुळण आई-बाबांना नवी नाही. पण मिशिगन तळ्याच्या काठी उभं राहिल्यावर कोकणातल्या माणसाला जे खटकेल ते तुमच्या नागपूरच्या मैत्रिणीला खटकणार नाही. समोर क्षितिजापर्यंत पाणी, लाटा फुटताहेत, आणि वाऱ्याला खारट वास नाही. बाबा पहिल्या दहा मिनिटांत विचारतील, ‘भरती किती वाजता?’ भरती नाहीच. चंद्राची ओढ या तळ्यालाही आहे, पण त्याने पाणी जेमतेम दोन इंच वरखाली होतं. तळं सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचं. आपला कोकण विभाग, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा, जवळजवळ दोनदा मावेल. आणि सगळं गोडं पाणी. जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या माणसाला हे चुळकाभर तोंडात घेऊन बघावंसं वाटेल. (घेऊ देऊ नका. तळ्याचं पाणी तसंच पिण्याजोगं नसतं.)

वाळूचंही तसंच. कोकणात वाळूला धरून ठेवते मर्यादवेल, तिच्यामागे केवडा आणि मग वनखात्याने लावलेलं सुरूचं बन. इथे मर्यादवेलीचं काम मॅरम नावाचं गवत करतं. वाळू अंगावर चढली की ते आणखी वर वाढतं, त्याची मुळं आडवी पसरतात आणि टेकडी तिथे थांबते. शिकागो विद्यापीठाचे हेन्री काउल्स याच टेकड्यांतून फिरले आणि १८९९ साली त्यांनी दाखवून दिलं की पाण्यापासून आत चालत गेलं की आपण काळातून मागे चालत जातो. काठावर उघडी वाळू, मग गवत, मग कॉटनवुडची झाडं, मग पाइन, आणि सगळ्यात जुन्या टेकड्यांवर ओकचं रान. एका जागी शेकडो वर्षांत जे घडतं ते इथे एका रांगेत मांडून ठेवलंय. निवृत्त शिक्षकाला हे ऐकवा, मग तुम्हाला गाइडची गरज उरणार नाही. नातवाला ते स्वतःच समजावत बसतील.

आता आई.

तुमच्या सगळ्या पत्राखाली एक गृहीतक आहे: आई खाली बसली म्हणजे तिचं काहीतरी हुकलं. हे तुम्ही कशावरून ठरवलंत? फोटोंवरून. फोटो तुमच्याकडचे, तुम्ही वर चढलात तिथले. ती जिथे बसली होती तिथून तिने काय पाहिलं, कोणाशी बोलली, हे कोणी विचारलं होतं का? कदाचित तिची ती दोन तासांची बैठक छान गेली असेल. किंवा गाडीत, बंद काचांमागे, अगदी वाईट गेली असेल. दोन्ही शक्य आहे, आणि उत्तर फक्त तिच्याकडे आहे.

‘मी बसते इथे’ या एका वाक्यात बायका बरंच काही लपवतात. मी शिकागोजवळ काही वर्षं राहिले तेव्हा माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्याही बसायच्या. मला वाटायचं, दम लागतो. पुढे एकदा पुण्यात, चहा पिताना, सहज बोलून गेल्या: स्वच्छतागृह किती लांब आहे ते कळत नसे, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या, आणि मग उन्हात चालायची ताकद राहत नसे. दम वगैरे काही नव्हता. मी महिनाभर त्यांना सपाट रस्ते शोधून देत होते, आणि त्यांना हवं होतं ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं: ‘आई, ते बघा, तिथे आहे.’

तुमच्या आईचं कारण वेगळं असेल. गुडघे असतील, साडीत वाळू जाण्याचा कंटाळा असेल, तिकिटाला किती पडले हा हिशेब असेल, जावयासमोर धापा टाकायचा संकोच असेल. ‘चालेल का तुला?’ असं विचारलंत तर त्या पिढीकडून ‘चालेल’ खेरीज दुसरं उत्तर यायचं नाही. तुम्ही विचारलंत तेही तसंच होतं, म्हणून ‘सोयीचं असेल तसं’ आलं. त्याऐवजी दोन खऱ्याखुऱ्या गोष्टी समोर ठेवा. ‘आई, लाकडी पायऱ्या चढून वरून तळं बघायचं, की खाली पाण्यात पाय सोडून बसायचं?’ ती दुसरं म्हणाली तर ती माघार नाही, ती तिची निवड आहे. आणि पहिलं म्हणाली तर? मला वाटतं ही शक्यता तुम्ही सगळ्यांनी परस्पर खोडून टाकली आहे. गुडघे दुखणारी माणसं हळू चढतात, पण चढतात. कठडा हवा, मध्ये टेकायला जागा हवी आणि मागे ‘चला चला’ करणारं कोणी नको.

भावाला आणखी एक विचारा. किनाऱ्यावरच्या गावात आयुष्य काढलेली आपली आई समुद्राकडे तोंड करून, हातात काम नसताना, सलग तासभर कधी बसली होती? विसर्जनाला गेली असेल, पाहुणे आले की त्यांना दाखवायला गेली असेल. मी कोकणातल्या ज्या बायकांना ओळखते त्यांच्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर असतो आणि जाणं वर्षातून दोनदा होतं. तेव्हा ‘वाळू काय दाखवतेस’ हा प्रश्न बाबांच्या बाबतीत ठीक आहे. आईच्या बाबतीत तो तपासून बघा.

तर न्याच. पण हा तक्ता घेऊन नव्हे.

तीन टेकड्यांचं चॅलेंज आधी बाजूला काढू. माउंट जॅक्सन १७६ फूट, माउंट होल्डन १८४, माउंट टॉम १९२. अंतर दीडच मैल, म्हणून तुम्हाला ते तासाभरात बसेल असं वाटलं. पण एकूण चढ ५५२ फुटांचा आहे आणि त्यातला बराचसा मोकळ्या वाळूतला, जिथे एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं. हे नवरा आणि मुलगा यांचं काम. बाबांना जायचं असेल तर जाऊ द्या, पण ते उन्हं चढायच्या आधी. भर दुपारची वाळू तळव्यांना काय करते हे त्यांना सांगायला नको.

इथे तुमची एक चूक दुरुस्त करते, कारण ती पुष्कळांची होते. ही तीन टेकड्यांची वाट राष्ट्रीय उद्यानात नाही. ती इंडियाना ड्यून्स स्टेट पार्कमध्ये आहे. स्टेट पार्क राज्याचं, १९२५ सालचं, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध बसलेलं. नावं इतकी सारखी की जीपीएसही गोंधळतो. दोन्हींची तिकिटं वेगळी. तुमचा वार्षिक पास राष्ट्रीय उद्यानात चालेल, स्टेट पार्कच्या फाटकावर नाही, आणि तिथे बाहेरच्या राज्याच्या नंबरप्लेटला जास्त पैसे पडतात. राष्ट्रीय उद्यानात पास नसलेल्यांसाठी गाडीचं तिकीट २५ डॉलर, सात दिवस चालणारं. आई-बाबांसाठी ज्येष्ठांचा पास काढायचा विचार तुम्ही लिहिलाय, तोही सोडा. तो अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही. एकाच गाडीत आहात, वेगळं काही लागणारही नाही.

माउंट बॉल्डीही यादीतून काढा, निदान ‘चढणे’ म्हणून. ही १२६ फुटांची टेकडी चालती आहे. वारा तिला दरवर्षी काही फूट आत ढकलतो आणि वाटेतलं ओकचं रान ती गिळत जाते. पुरलेली झाडं आतून कुजतात आणि वाळूत पोकळ नळ्या राहतात, वरून काहीच दिसत नाही. जुलै २०१३ मध्ये एक सहा वर्षांचा मुलगा अशाच पोकळीत गेला आणि तीन तासांहून जास्त वेळ वाळूखाली होता. तो जिवंत निघाला. आता माथ्यावर फक्त रेंजरसोबत जाता येतं. मुलाला हे आधीच घरी सांगा, म्हणजे तिथे दोरी ओलांडण्यावरून वाद होणार नाही. पायथ्याशी गाडी थांबवून वाळूत अर्धी बुडालेली झाडं मात्र दाखवा. तिथून जवळच वीजकेंद्राचा मोठा शीतक मनोरा (कूलिंग टॉवर) दिसतो. जैतापूरच्या जिल्ह्यातून आलेले बाबा लगेच विचारतील, अणुवीज का? नाही, कोळशाची. आणि त्या जागी एकेकाळी हूझिअर स्लाइड नावाची सुमारे दोनशे फुटांची टेकडी होती. काचकारखान्यांनी ती वॅगनी भरभरून नेली आणि १९२० च्या सुमारास संपवली. त्या वाळूच्या बरण्या झाल्या, फळं-लोणची घालायच्या. ही गोष्ट आईसाठी राखून ठेवा.

मग जायचं कुठे? तुमच्या जागी मी असते तर बेव्हर्ली शोअर्सला लेक व्ह्यू नावाची जागा आहे, तिथे तळ ठोकला असता. गाडी लावली की चार पावलांवर छपराखालची बाकं, समोर तळं, स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर. वाळूत उतरायचं तर उतरा, नाहीतर बाकावरूनच सगळं दिसतं. हवा स्वच्छ असेल तर पाण्यापलीकडे शिकागोच्या इमारती बोटभर उंचीच्या दिसतात, आणि जुलैअखेर सव्वाआठच्या सुमारास सूर्य त्याच बाजूला मावळतो. ‘आपण तिकडून आलो’ असं नातू आजीला बोट करून दाखवेल. याच रस्त्यावर पाच विचित्र घरं आहेत, १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातली. प्रदर्शन संपल्यावर एका बिल्डरने गिऱ्हाइकांना भुलवायला ती उचलून आणली, बहुतेक बार्जवरून, तळ्यातून. एक तर चक्क गुलाबी आहे. एरवी आत जाता येत नाही, पण गाडी हळू चालवली तर आईला जागेवरून उठावं लागणार नाही, आणि घरं बघायला कोणाला आवडत नाही?

लेक व्ह्यूचं पार्किंग छोटं आहे. शनिवार-रविवारी सकाळी दहालाच भरतं. आम्ही एकदा रविवारी दुपारी गेलो आणि दीड तास गोल गोल फिरून, गाडीतच डबा खाऊन परत आलो. म्हणून शनिवार नकोच. नवऱ्याने एक दिवस रजा टाकावी. मंगळवार-बुधवार पाहा. जमलं तर चेस्टरटन किंवा मिशिगन सिटीला एक रात्र राहा: पहिल्या दिवशी दुपारनंतर निघून लेक व्ह्यूचा सूर्यास्त, दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्ट बीच, जेवायच्या वेळेला परतीला. तिकीट सात दिवसांचं आहे, मग सगळं एका दिवसात कोंबायचा हट्ट कशाला? आई-बाबा सप्टेंबरअखेरपर्यंत आहेत. तुम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर तळ्याचं पाणी अजून कोमट असेल, गर्दी ओसरलेली असेल आणि दक्षिणेच्या वाऱ्यासोबत येऊन घोट्यांना चावणाऱ्या माश्याही कमी असतील. मुलाची शाळा बुडेल, एक दिवस बुडू दे.

वेस्ट बीच मी ठेवते, कारण काउल्सची ती काळाची रांग तिथे पायाखाली दिसते. मैलभरापेक्षा कमी वाट, पण अडीचशेच्या वर लाकडी पायऱ्या. कठडे आहेत. आई निम्म्यातून वळली तरी तिने गवतापासून पाइनपर्यंत पाहिलेलं असेल. पार्किंगपासून पाणी मात्र बरंच लांब आहे, ते धरून चाला. वाळूत चालणारी फुग्यांच्या चाकांची खुर्ची उन्हाळ्यात उद्यानाकडे मिळते. ‘मला कशाला खुर्ची’ हे वाक्य येणारच. फोन करून आधी चौकशी करा, खुर्ची आणून शेजारी ठेवा, आणि विषय वाढवू नका. बसायचं की नाही ते ती ठरवेल. सगळंच सपाट हवं असेल त्यांच्यासाठी ग्रेट मार्शच्या उत्तरेकडच्या पार्किंगजवळ छोटी पक्की वाट आहे, शेवटी दलदलीवर एक सज्जा. पक्षी बघणारी माणसं तिथे तासन्‌तास असतात.

बाबांबद्दल एक सावधगिरी, आणि ती गंभीरपणे घ्या. ‘मी समुद्रात पोहलेला माणूस’ हे ते म्हणणार. गोड्या पाण्यात अंग खाऱ्या पाण्याइतकं तरंगत नाही. या तळ्याच्या लाटा आखूड आणि एकामागोमाग एक येतात, दोन लाटांत श्वास घ्यायला समुद्राइतकी उसंत नसते. उत्तरेचा वारा असला की आत ओढणारे प्रवाह तयार होतात, आणि धक्क्याच्या भिंतीजवळ ते सगळ्यात वाईट. इथे दरवर्षी चांगले पोहणारे बुडतात. बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो. लाल झेंडा किंवा ‘पोहू नका’ची पाटी असेल त्या दिवशी गुडघ्याच्या वर पाणी नाही, कोणालाच नाही, आणि हे त्यांना तिथे जाऊन नव्हे, घरीच सांगा. जावयाने सांगितलेलं जास्त ऐकतात असा माझा अनुभव आहे, बरोबर असो की चूक.

मुलाला व्हिजिटर सेंटरमध्ये ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा, फुकट असते. ती भरली की बिल्ला मिळतो. त्यातले प्रश्न आजोबा आणि नातू मिळून सोडवतील. बाबांना तिथेच आणखी एक विषय मिळेल: १९१६ साली स्टीफन मॅदर (पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक) यांनी इथे राष्ट्रीय उद्यान करायचं म्हणून शिकागोत सुनावणी घेतली, मग महायुद्ध आलं, मग पोलादाचे कारखाने आले, बंदर आलं. १९६६ मध्ये उरलेल्या तुकड्यांना राष्ट्रीय किनारा म्हणून संरक्षण मिळालं, आणि ‘नॅशनल पार्क’ ही पाटी लागली २०१९ मध्ये. म्हणून तर हे उद्यान असं तुकड्यातुकड्यांत आहे, दोन टेकड्यांच्या मध्ये धुराडं दिसतं. ‘हे कसलं नॅशनल पार्क’ असं तुमचा नवरा म्हणेल त्या वेळी सासऱ्यांनी उत्तर द्यावं.

तुमच्या सामानाच्या यादीत ‘घडीची खुर्ची – १ (आई)’ असं आहे. दोन घ्या. नवरा आणि मुलगा टेकडी चढायला गेले, बाबा पाण्याकडे गेले, की दुसरीवर तुम्ही बसा. फोटोंत आई नाही म्हणालात, त्या सगळ्या वेळी तुम्हीही तिच्याजवळ नव्हतात. हे दोष द्यायला लिहीत नाही. लहान मूल आणि हौशी नवरा असला की मुलीला वर जावंच लागतं. पण आता मुलगा नऊ वर्षांचा झालाय.

बाकी बारीकसारीक. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी चटणी न्या. दही-भात उन्हात टिकत नाही. वाटेवरून बाजूला झाडीत शिरू नका: तीन-तीन पानांची, अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही सगळीकडे आहे, आणि परतल्यावर मुलाचे मोजे-पोटऱ्या गोचिडीसाठी तपासा. कोरड्या वाळूवर पाय घासला की ती किरकिर वाजते, त्या आवाजाने दचकू नका, ती चांगल्या क्वार्ट्झ वाळूची खूण आहे. ज्या वाचकांकडे गाडी नाही त्यांना शिकागोच्या मिलेनियम स्टेशनातून साउथ शोअर लाइनची गाडी ड्यून पार्क स्थानकावर उतरवते, पण तिथून किनाऱ्यापर्यंत चांगलं मैलभर चालणं आहे, तेव्हा गुडघेवाल्यांसाठी नाही. डेट्रॉइट किंवा इंडियानापोलिसकडून येणाऱ्यांनी घड्याळ एक तास मागे घ्यावं. उद्यानात शिकागोची वेळ चालते.

निघायच्या आदल्या रात्री वारा कुठून आहे ते बघा. उत्तरेचा जोरात असेल तर किनारा रद्द, ग्रेट मार्श आणि ती पाच घरं. पावसाचं असेल तर सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला, तुमच्याकडे दोन महिने आहेत. आणि आईला तो प्रश्न आज फोनवरच विचारा, ती इथे यायची वाट बघू नका. तिथे सकाळ असते तेव्हा, बाबा फिरायला गेलेले असताना.